दुरुस्तीचं टेबल : ३३० येनचं पिस्तूल

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की, जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या 'जंक' टोपलीतून ३३० येनला उचललेलं एअरसॉफ्टचं पिस्तूल मी तीन रविवार घालवून दुरुस्त केलं. एअरसॉफ्ट म्हणजे सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी हवेच्या दाबाने सोडणारं खेळणं. लिहिल्या होत्या दोनच ओळी, पण या वेळची निम्मी पत्रं त्यावरच आली. म्हणून हा अंक त्यालाच देते. शिलाई मशीनच्या दोऱ्याबद्दल विचारणाऱ्या वाचकांनी एवढ्या वेळी थांबावं, पुढच्या अंकात त्यांचाच नंबर पहिला.

ताई, सप्रेम नमस्कार. तुमचा अंक वाचून मीही टोपलीतून एक पिस्तूल आणलं, ४४० येनला. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, हाताने मागे ओढायची आणि चाप दाबायचा, अशा साध्या जातीचं आहे. 'टक' आवाज येतो, पण गोळी दोन मीटरवर जमिनीला लागते. हलवलं की सगळं खुळखुळतं. आधी काय उघडू आणि नवीन काय विकत आणू?
— एक वाचक, नागोया

आधी काहीच विकत आणू नका. माझा अनुभव असा की, टोपलीतली दहापैकी आठ खेळणी मोडलेली नसतात, मळलेली आणि सुकलेली असतात.

उघडण्याआधी तीन गोष्टी करा. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, काढा. स्लाइड मागे ओढून नळीच्या मुळाशी अडकलेली गोळी नाही ना, हे टॉर्चने बघा. मग पिस्तूल भिंतीकडे धरून चाप दाबा, म्हणजे स्प्रिंग मोकळी होईल. दबलेल्या स्प्रिंगसकट कधीही उघडू नका. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. बाजूने बंद असलेला गॉगल लावा.

आता पुठ्ठा घ्या. त्यावर पिस्तुलाची आकृती पेन्सिलीने काढा आणि जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवा. ही पद्धत माझ्या वडिलांची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, आणि उघडलेल्या प्रत्येक पंपाचा असा पुठ्ठा भिंतीला टांगलेला असायचा. या पिस्तुलात आठ-नऊ स्क्रू असतात, दिसायला एकसारखे, पण लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक. लांब स्क्रू चुकून आखूड जागी पिळला की टोक बाहेरून प्लास्टिक फोडून वर येतं. उघडताना सगळं एका मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा. स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते.

उघडलंत की घाबरू नका. आत जे आहे ते सायकलचा पंपच आहे. एक नळकांडं, त्यात दट्ट्या, मागे स्प्रिंग. स्लाइड ओढली की स्प्रिंग दबते आणि एका खाचेत अडकते. चाप ती खाच सोडवतो, दट्ट्या पुढे धावतो, पुढची हवा छोट्या तोंडातून नळीत शिरते आणि गोळीला ढकलते. बस. तुमची गोळी दोन मीटरवर पडते याचा अर्थ हवा वाटेत कुठेतरी निसटते आहे. जागा दोनच: दट्ट्याभोवतीची रबरी रिंग, किंवा नळकांड्याचं तोंड आणि नळीच्या मुळाशी असलेलं रबर यांचा सांधा.

रिंग तपासायला दट्ट्या नळकांड्यात घाला, पुढचं तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. हवेची उशी लागली पाहिजे, दट्ट्या मध्येच थबकून परत मागे यायला बघितला पाहिजे. माझ्या पिस्तुलात तो लोण्यात सुरी जावी तसा थेट तळाला गेला. रिंग सुकून बारीक झाली होती. रिंग काढून तिच्या खाचेत नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा, त्यावर रिंग परत बसवा. व्यास एक-दोन दशांश मिलिमीटर वाढतो, तेवढा पुरतो. तीन वेढे दिलेत तर दट्ट्या अडखळेल. मी तीन दिले होते, आणि एक काढावा लागला.

वंगणाबद्दल मात्र कळकळीने सांगते. घरात असतो तो गंज सोडवणारा फवारा यात मारू नका. पहिल्या रविवारी मी घाईत तोच मारला. दोन दिवसांत रिंग फुगून मऊ पडली, आणि स्क्रू ज्यात बसतो त्या प्लास्टिकच्या एका खांबाला केसाएवढी चीर गेली. मी प्लास्टिकच्या साच्यांचं काम करते, मला हे ठाऊक असायला हवं होतं: ताणाखाली असलेल्या एबीएसला, म्हणजे ही पिस्तुलं ज्याची असतात त्या कठीण प्लास्टिकला, असे द्रव चिरा पाडतात, आणि रबराला तर ते फुगवतातच. सिलिकॉनचं ग्रीस आणा. दट्ट्याच्या रिंगेला तांदळाच्या दाण्याएवढं, स्लाइडच्या दोन्ही रुळांना तेवढंच. पुरे. जास्त लावलंत तर ते हवेबरोबर पुढे उडतं आणि नळीत जातं, आणि नळीत तेल गेलं की नेम संपला.

नेम कशावर ठरतो हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची कामं तुम्हीच शोधून काढाल. नळीच्या मुळाशी जे रबर आहे त्याच्या वरच्या बाजूला आतून एक छोटा उंचवटा असतो. गोळी तिथून निसटताना वरून घासली जाते, खालून नाही, म्हणून ती उलटी गिरकी घेत बाहेर पडते. टेबल टेनिसमध्ये 'चॉप' मारलेला चेंडू जसा तरंगत येतो, अगदी तसंच. उलट्या गिरकीमुळे गोळीला वरच्या दिशेने आधार मिळतो आणि ती लगेच खाली पडत नाही. याला 'हॉप' म्हणतात. स्वस्त पिस्तुलांत हा उंचवटा कायमचा बसवलेला असतो, कमी-जास्त करता येत नाही, आणि अगदी साध्या मॉडेलांत तो नसतोही.

तेव्हा ते रबर काढा, भांडी धुण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, रात्रभर सावलीत वाळवा. उन्हात नाही, हेअर ड्रायरने तर नाहीच. बसवताना उंचवटा घड्याळाच्या बरोबर बारावर यायला हवा. तो साडेअकरावर असला तर गोळी डावीकडे वळेल, आणि तुम्ही समजाल की आपला हात हलतो. या रबराला ग्रीस लावायचं नाही. घासलं तरच गिरकी मिळते.

नळी आतून पुसा. बांबूची बारीक काडी, तिच्या टोकाला सुती कापडाची पट्टी, थोडं साबणाचं पाणी, मग कोरडी पट्टी, आणि पट्टी पांढरी निघेपर्यंत हेच. माझ्या नळीतून पहिल्या तीन पट्ट्या काळ्या निघाल्या. गोळी साधारण ५.९५ मिलिमीटरची असते आणि नळी आतून ६.०८च्या आसपास, म्हणजे चारही बाजूंनी जेमतेम सहा-सात शतांशाची फट. त्यात मळाचा एक कण बसला तर गोळी कुठे जाईल याचा नेम नाही. जमिनीवरून वेचलेल्या गोळ्या परत भरू नका, हेही त्याचसाठी. त्यांच्यावर ओरखडे असतात, वाळू असते, आणि ती नळीला कायमचे ओरखडे पाडते. पाकीटभर नवीन गोळ्या काही शे येनला मिळतात.

आता तुमच्या खुळखुळण्याबद्दल. सगळ्यात मोठी सुधारणा इथे आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे. आतली खरी नळी बाहेरच्या दिखाऊ नळीत सैल असते. स्लाइड ओढली की ती दरवेळी वेगळ्या कोनात टेकते. तुम्ही नेम एकाच जागी धरता, नळी बघते दुसरीकडे. आतल्या नळीला दोन जागी, एकदा तोंडाजवळ आणि एकदा मध्यावर, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळा, बोटभर रुंद. एक वेढा द्या, बसवून बघा, सैल वाटलं तर दुसरा. बाहेरच्या नळीत ती हलकेच दाबून बसावी, ठोकावी लागू नये. कापडी टेप वापरू नका, उन्हाळ्यात तिचा डिंक ओघळतो.

मी आधी आणि नंतर मोजून ठेवलं होतं. पाच मीटरवर कागद, हात उशीवर टेकवलेला, दहा गोळ्या. आधी सगळ्यात लांबच्या दोन भोकांमध्ये साडेपंधरा सेंटिमीटर, नंतर सहा. मध्ये मी नळी धुणं, रबर सरळ करणं आणि ही पट्टी एवढंच केलं होतं. तुम्हीही कामाआधीचा कागद जपून ठेवा, नाहीतर आपण काय मिळवलं ते कळत नाही.

जोडताना स्क्रूबद्दल एकच गोष्ट, पण ती पाळाच. हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडून बसलेले असतात. परत बसवताना आधी उलटे, डावीकडे फिरवा. एका जागी हलकंसं 'टच्' होऊन स्क्रू खाली उतरेल. तिथे जुना आटा सापडला. मग उजवीकडे पिळा, दोन बोटांच्या जोराने. हे केलं नाही तर दरवेळी नवा आटा पडतो आणि चौथ्या-पाचव्या वेळी भोक गुळगुळीत होतं.

चापाच्या खाचेला कानस लावू नका. 'चाप मऊ करा' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. त्या खाचेच्या धारेवरच दबलेली स्प्रिंग अडकलेली असते. ती गोल झाली की पिस्तूल नुसत्या धक्क्याने सुटेल. चापाच्या दोन्ही बाजू जिथे चौकटीला घासतात तिथे हजार नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, त्यानेच तो हलका होतो.

सिलिकॉन ग्रीस, टेफ्लॉन टेप, ॲल्युमिनियम पट्टी आणि पॉलिश पेपर, एवढ्याला माझे हजार-बाराशे येन गेले, आणि ते सगळं अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे.

आमच्या बारा वर्षांच्या मुलाने कॉलनीतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून असंच एक पिस्तूल आणलंय. त्याला तुमच्यासारखं उघडून दुरुस्त करायचंय. मला भीती वाटते, पण त्याचा उत्साह मोडवत नाही. काय करू?
— एक आई, निशी-कासाई, तोक्यो

त्याच्या शेजारी बसा, आणि आधी दोघं मिळून पिस्तुलावरचा किंवा खोक्यावरचा शिक्का वाचा. जपानात या खेळण्यांच्या दोन जाती आहेत: 'जुस्साई इजो', म्हणजे दहा वर्षांवरील, आणि 'जूहास्साई इजो', म्हणजे अठरा वर्षांवरील. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखी दिसू शकतात. आतला फरक फार मोठा आहे.

दहा वर्षांवरच्यांसाठी गोळीच्या ऊर्जेची मर्यादा ०.१३५ ज्यूल; ज्यूल हे ऊर्जेचं माप. ०.१२ ग्रॅमची हलकी गोळी धरली तर सेकंदाला सुमारे ४७ मीटर. अठरा वर्षांवरची ०.९८ ज्यूलच्या आत, म्हणजे ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९९ मीटरपर्यंत. सातपट ऊर्जा. पहिलीही डोळ्याला इजा करू शकते. दुसरी तर लहान मुलाच्या हातात नकोच, मग मुलगा कितीही समजूतदार असो. शिक्का अठराचा निघाला तर पिस्तूल घरातल्या मोठ्यांचं. मुलाला हे कारणासकट सांगा, आकडे सांगा. बारा वर्षांच्या मुलाला ज्यूल समजतात, आणि 'नाही म्हणजे नाही' यापेक्षा आकड्यांचा त्याला मान वाटतो. शिक्काच सापडला नाही, तर तेही अठराचंच समजा.

दहाचा निघाला तर त्याला उघडू द्या. मी वर लिहिलेलं सगळं काम बारा वर्षांच्या हातांना जमण्यासारखं आहे. फक्त स्प्रिंग काढताना आणि बसवताना तुमचा हात त्याच्या हाताबरोबर हवा, आणि दोघांच्याही डोळ्यांवर गॉगल. लक्ष्य म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल सैल लोंबकळत सोडा आणि त्याच्या पुढे कागद लावा. गोळी टॉवेलला लागून खाली पडते, उलट येत नाही. भिंतीवर मारलेली गोळी परत चेहऱ्यावर येते.

आणि हे पिस्तूल पार्कात न्यायचं नाही, गॅलरीत नाही, शाळेच्या दप्तरात तर कधीच नाही. लांबून पाहणाऱ्याला ते खरंच वाटतं. कुणी ११०वर फोन केला तर पोलीस येतील, आणि त्यांची काहीच चूक नसेल. कुठे न्यायचंच झालं तर बंद खोक्यात, मॅगझिन वेगळं, गोळ्या वेगळ्या. घरी ठेवतानाही तसंच, आणि स्प्रिंग दबलेली ठेवू नये. दबलेली स्प्रिंग महिन्यांत बसून जाते, मग गोळी परत दोन मीटरवर पडायला लागते.

माझ्याकडचं पिस्तूल अठरा वर्षांवरचं आहे. दणकट स्प्रिंग आणि धातूची स्लाइड परदेशातून मागवता येते असं कळलं. वजन खऱ्यासारखं होईल आणि गोळी लांब जाईल. बसवू का?
— एक विद्यार्थी, हामामात्सु

दोन्ही नको.

स्प्रिंगचं आधी. जपानच्या शस्त्रकायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली. गोळीच्या आडव्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ज्यूल ही सीमा ठरली, आणि ती गाठणारं साधन खेळणं राहत नाही. सहा मिलिमीटरच्या गोळीचा छेद ०.२८ चौरस सेंटिमीटर, गुणाकार करून बघा, ०.९८ हा आकडा तिथूनच येतो. तुमचं पिस्तूल आधीच त्या रेषेच्या खाली थोडक्यात थांबलेलं असू शकतं. दणकट स्प्रिंगने ते रेषा ओलांडेल आणि तुम्ही बेकायदा हत्यार बाळगणारे व्हाल, तेही व्हिसावर असताना. नुसती रिंग बदलूनही वेग वाढतो, म्हणून दुरुस्तीनंतर एकदा वेग मोजून घ्या. ओसाकात निप्पोनबाशीच्या देन-देन टाउनमध्ये या छंदाची दुकानं आहेत, त्यांतल्या एकाने मला विचारल्याबरोबर मोजून दिला.

धातूची स्लाइड का नको, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. जपानात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, म्हणून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली पिस्तुलांची हौस इथे फार जुनी. आधी ती धातूची असत. १९७१ साली कायदा आला की धातूचं नकली पिस्तूल पांढरं किंवा पिवळं हवं आणि नळी बुजवलेली हवी, आणि १९७७ साली तो आणखी कडक झाला. मग बनवणारे प्लास्टिककडे वळले. आज आपल्या हातातलं पिस्तूल एबीएसचं आहे ते फक्त पैसे वाचवायला नव्हे. काळ्या धातूची स्लाइड आणि मोकळी नळी एकत्र आली की तुम्ही नेमकं तेच तयार करता जे ह्या कायद्याला नको होतं.

वजन हवं असेल तर ते आतून द्या. मुठीच्या दोन्ही पानांमागे मोकळी जागा असते. माझं पिस्तूल १९११च्या धाटणीचं आहे, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं, अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेलं. खरं ते रिकामं असतानाही १.१ किलोच्या घरात असतं. माझं काट्यावर ठेवलं तर २८० ग्रॅम. मी मुठीत लोखंडी नटांच्या रांगा दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सीने चिकटवल्या, १४० ग्रॅम वाढले. खऱ्याच्या जवळपासही नाही ते, पण वजन खाली मुठीत आल्याने हात स्थिर राहतो. नट बसवताना मॅगझिनची वाट आणि चापाचा दांडा मोकळा राहतो ना, हे आधी कोरडं जोडून बघा. शिसं वापरू नका, ते हाताला लागतं.

लांब जायचं म्हणत असाल तर गोळीचं वजन बदलून बघा. गोळी पुढे जाऊन वर चढत असेल तर गिरकी जास्त होते आहे, ०.२ ग्रॅमऐवजी ०.२५ वापरा. लवकर खाली येत असेल तर उलट. मोकळ्या मैदानात खेळत असाल तर मातीत विरघळणाऱ्या जातीच्या गोळ्या घ्या. त्यांचं पाकीट उघडं ठेवू नका, दमट हवेत त्या फुगतात आणि नळीत अडकतात.

पिस्तुलाच्या टोकाचा नारिंगी भाग फार खटकतो. दुरुस्ती करताना काळा रंग मारला तर?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

मारू नका. तुमच्या देशात तो रंग केंद्रीय नियमाने आलेला आहे, विक्रीला येणाऱ्या अशा खेळण्याच्या तोंडाला किमान सहा मिलिमीटर नारिंगी. पण मी तुम्हाला नियम दाखवून थांबवत नाही. तुमच्याच राज्यात, क्लीव्हलंडमध्ये, २२ नोव्हेंबर २०१४ रोजी एक बारा वर्षांचा मुलगा पार्कात एअरसॉफ्टचं पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याचं नारिंगी टोक निघालेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि ती थांबता थांबता त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. ते टोक असतं तर तो वाचला असता असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ती बातमी वाचली तेव्हा माझा भाचा बारा वर्षांचा होता, आणि त्या दिवसापासून या विषयावर मला सौंदर्याची कुठलीही बाजू ऐकवत नाही.

नारिंगी रंग मळला असेल तर स्वच्छ करा, उडाला असेल तर नवा द्या. ताज्या नारिंगीचा उठावही छान दिसतो.

ताई, मी कोल्हापूरचा निवृत्त फिटर. तुमच्या वडिलांच्या वर्कशॉपसमोरच आमचं दुकान होतं. मुलगा ओसाकाला असतो, त्याच्याकडे तुमचा अंक वाचतो. दोन प्रश्न. फुटलेलं एबीएस जोडायला नेमकं काय वापरलंत? आणि ३३० येनच्या वस्तूला तीन रविवार का दिलेत? परत जाताना नातवासाठी असं एक न्यावं म्हणतो.
— आपला, उद्यमनगरातला शेजारी

काका, नमस्कार. तुमच्या दुकानाबाहेरचं ऐरणीचं लाकूड मला आठवतं, शाळेतून येताना मी त्यावर बसायचे.

आधी सांध्याचं सांगते. एबीएससाठी वेगळं पातळ सिमेंट मिळतं, मॉडेल बनवणाऱ्यांच्या दुकानात. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, म्हणजे आपल्या वेल्डिंगसारखंच. चीर हलकेच उघडून धरायची, ब्रशने एक थेंब सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. मग दाबून दोरीने बांधायचं आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. तासाभरात घट्ट वाटतं, पण आतून मऊ असतं. स्क्रूच्या खांबाला चीर असेल तर एवढ्याने भागत नाही. मी खांबाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे चार वेढे दिले आणि वरून इपॉक्सी लावलं. फुटलेल्या दांड्याला तुम्ही लोखंडी पट्टा मारायचात ना, तोच प्रकार. झटपट चिकटणारा डिंक मात्र इथे नको, तो धक्क्याला तडकतो, आणि इथे प्रत्येक गोळीला धक्का आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला लगेच पटेल. मी गेली सतरा वर्षं हिगाशी-ओसाकात प्लास्टिकच्या साच्यांची देखभाल करते. हे पिस्तूल टोपलीत हातात घेतलं तेव्हा माझा अंगठा आपोआप त्याच्या पाठीवरून फिरला, साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात ती रेघ शोधत. रेघ होती, पण नखाला जेमतेम लागेल एवढी. इतक्या स्वस्त मालाच्या साच्यावर कुणीतरी मन लावून काम केलं होतं. स्लाइडवरच्या तिरक्या रेषा बघा, चोवीसच्या चोवीस सारख्या खोलीच्या. हा साचा कुणीतरी हाताने घासून मिळवला असणार, रात्री उशिरापर्यंत थांबून, कारण असं काम दिवसाच्या घाईत होत नाही. वस्तूची किंमत ३३० झाली ती टोपलीत आल्यावर. त्या माणसाच्या कामाची किंमत तेवढी नव्हती.

म्हणून तिसरा रविवार मी फक्त त्या रेघेला दिला. खरं पिस्तूल पोलादातून कोरलेलं असतं, त्यावर अशी रेघ नसते. चारशे नंबरचा पेपर लाकडाच्या चपट्या ठोकळ्याला गुंडाळून, पाणी लावून, रेघेच्या तिरका फिरवला. बोटाने घासलं तर मध्ये खड्डा पडतो. मग सहाशे, मग हजार. चापाभोवतीच्या कड्याच्या आतल्या बाजूला ठोकळा जात नाही, तिथे पेन्सिलीला पेपर गुंडाळला. अक्षरं कोरलेल्या भागाला आणि शिक्क्याला हात लावला नाही. शेवटी कापडाने पॉलिश केलं आणि एवढंच ठेवलं, रंग दिला नाही. घासलेली जागा जरा वेगळी चमकते. ती तशी दिसावी असंच मला वाटलं, दुरुस्ती झालेली वस्तू आहे ती.

नातवासाठी मात्र नेऊ नका, काका. हातातल्या सामानात खेळण्यातलं पिस्तूलही विमानात चालत नाही, आणि मोठ्या बॅगेत घातलंत तर मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या टेबलावर ते उघडून उभं राहावं लागेल. तुमच्या वयात तो मनस्ताप नको. त्याला इथून प्लास्टिकची गिअरची पेटी न्या, जोडायची, छोट्या मोटारीची. मुलाबरोबर देन-देन टाउनला या, मी शनिवारी दुपारी मोकळी असते, दोघं मिळून निवडू. आणि येताना माझं एक काम करा. बाबांच्या भिंतीवरचे पुठ्ठे दुकान विकलं तेव्हा तुमच्याकडे ठेवले होते असं आई म्हणते. त्यांतला पाण्याच्या पंपाचा एक जरी असला, स्क्रू टोचलेला, तर तो बॅगेत घालून आणा.